उशीताईंची कोरी भिंत

उशीताई हे नाव त्यांना सुतारांनी दिलं होतं. खरं नावही होतं, आणि ते एका ऑफिसात, दारालगत आतल्या बाजूला, पितळी पाटीवर चांगलं कोरलेलं होतं. पण त्या पाटीशी थांबून ते वाचणारं माणूस आजवर एकच निघालं होतं, आणि ते म्हणजे त्या स्वतः.

सुतारांचं म्हणणं असं, की बाई कुठल्याही रिकाम्या जागेत शिरल्या की आधी मुकाट्याने एक फेरी मारतात, मग मान तिरकी करतात, मग म्हणतात, "इथे काहीतरी मऊ हवं." दुसऱ्या दिवशी तिथे उशी हजर. दंतवैद्याच्या दवाखान्यात उशी, वकिलाच्या खोलीत उशी. एकदा तर जिन्याच्या वळणावर, जिथे कुणी बसणं शक्यच नव्हतं, तिथेही उशी. हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा उशीताईंना राग यायला हवा होता. पण त्या वेळी त्यांच्या दोन्ही काखांत एकेक उशी होती, आणि अशा अवस्थेत माणसाला नीट रागावता येत नाही.

जागा लावण्याचं हे वेड जुनं. लहानपणी मावशीकडे राहायला गेल्या, की सगळे उठायच्या आत खुर्च्या-टेबलं सरकवून ठेवायच्या. काकांची करंगळी ठेचली तेव्हा मावशीनं आईला बजावलं, "पुढच्या वेळी हिला आणलंस तर टेबल जमिनीला बांधून ठेवीन." आईनं ही गोष्ट जपून ठेवली होती. आता आई लेकीकडेच राहायची आणि घरात कुणाची करंगळी ठेचली की ती गोष्ट बाहेर काढायची. करंगळ्याही बऱ्याच ठेचायच्या.

दवाखाने झाले, बैठकीच्या खोल्या झाल्या, आणि मग आलं ते ऑफिस. ज्यांचं स्वतःचं ऑफिस नाही त्यांनी महिन्याच्या बोलीवर खुर्ची घेऊन एकत्र बसायची जागा. मालकांकडे पूर्वी प्रवासी बसगाड्या होत्या. त्यामुळे माणूस दिसला की त्यांना सीट दिसायची. त्यांच्या मनात होतं ते साधं: रांगेत टेबलं, मध्ये चालायला वाट, संपलं. उशीताईंनी त्यांना समोर बसवून समजावलं. माणूस म्हणजे सीट नव्हे. माणसाला उजेड लागतो, एकांत लागतो, सोबत लागते, नजरेला विसावा लागतो. मालक ऐकत राहिले. ऐकून घेण्याची सवय त्यांना प्रवाशांनी लावली होती.

मग उशीताईंनी जीव ओतला. सगळ्यांनी मिळून बसायला एकाच अखंड फळीचं लांबलचक टेबल. फोनवर बोलायला काचेची खोकी. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी एक शांत खोली, आणि तिच्यात असा दिवा, की खोलीत हालचाल नसली तर आपोआप विझावा. जिथे माणूस नाही तिथे उजेड कशाला वाया घालवायचा? आणि दारातून आत आलं की समोर त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट: एक लांब, उंच, दुधात किंचित राख मिसळावी तशा रंगाची भिंत. तिच्यावर काही नाही. चित्र नाही, घड्याळ नाही, साधा खिळाही नाही. रंगाऱ्याकडून त्यांनी ती तीनदा घासून घेतली होती.

"इथे डोळे विसावतील," त्या मालकांना म्हणाल्या.

"डोळ्यांचं ठीक आहे," मालक म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

फोटो फार सुंदर आले. फोटोत माणसं नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी मालकांचा फोन आला. "उशीता… माफ करा, ताई. जरा अवघड बोलायचंय." म्हणजे हे नाव इथपर्यंत पोचलं होतं तर. "लोक टिकत नाहीत. येतात, वा वा करतात, फोटो काढतात, आणि महिना संपला की जातात. का जाता विचारलं तर म्हणतात, छान आहे हो, पण. त्या 'पण'च्या पुढे कुणी जातच नाही."

"पण काय?"

"तेच तर तुम्ही शोधा. तुम्ही केलंय, तुम्हाला दिसेल. महिनाअखेरपर्यंत बसा तिथे, फुकट बसा. नाहीच सापडलं, तर मी आपला टेबलवाल्याला बोलावतो आणि रांगा लावतो. भिंत, खोकी, शांत खोली, सगळं काढून." मग अगदी सभ्यपणे ते म्हणाले, "आणि मग ती पाटीही काढावी लागेल, ताई. तुमचं काही उरलंच नाही तर तुमचं नाव कशाला अडकवायचं?"

एवढ्या वर्षांच्या कामात त्यांचं नाव एकाच भिंतीवर लागलं होतं. दंतवैद्यानं लावलं नव्हतं, वकिलानंही नाही. ती पाटीही त्यांनी स्वतःच करून घेतली होती आणि मालकांना आपसूक सुचल्यासारखं वाटावं म्हणून दोन आठवडे तिच्याभोवती घोटाळल्या होत्या.

घरी सांगितलं तेव्हा नवरा चष्म्याची काच पुसत होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तो घरीही दुकानातल्यासारखाच बोलायचा. "बरंय की. लांबचं तुझं उत्तम आहे. जवळचं एकदा तपासून घेच."

"टेबल बांधून ठेवलं असेल ना तिथे?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

या दोघांशी उशीताईंचं एक न संपणारं भांडण होतं, ते खिळ्यांवरून. उशीताईंच्या घराच्या भिंती कोऱ्या असायला हव्या होत्या. सुताराच्या घरी मोडकी खुर्ची चालेल, पण जागा सजवणाऱ्या बाईच्या घरी खिळा? त्या उपटायच्या, छिद्र बुजवायच्या, रंग लावायच्या. आई तिथून वीतभर बाजूला नवा ठोकायची. शाल खिळ्याला, पिशवी खिळ्याला, जावयाचा छत्रीवजा दांडकाही खिळ्याला. शेवटी तह झाला होता: खिळे दारामागे, पाहुण्यांना दिसणार नाहीत असे. तह आईनं पाळला, फक्त दारामागची व्याख्या ती हळूहळू रुंदावत होती.

"आणि तिथे तू कोण म्हणून बसणार?" नवऱ्यानं विचारलं. "मीच ती, असं सांगितलंस तर सगळे छानच म्हणतील."

म्हणून उशीताईंनी वेशांतर केलं. म्हणजे कपडे तेच, धंदा वेगळा. कुणी पुढे काही विचारणार नाही असा धंदा शोधायचा होता. खूप विचार करून त्यांनी ठरवलं, की आपण पुस्तकांच्या शेवटी असतात त्या सूच्या करतो. याच्याइतकं कंटाळवाणं दुसरं काय असणार?

पहिल्याच दिवशी शेजारच्या हिशोबनीस काकूंनी डोळे विस्फारले. घरी नातवंडांचा गोंधळ म्हणून त्या इथे येऊन लोकांच्या दुकानांचे हिशोब करायच्या आणि सगळं ऑफिस त्यांना काकूच म्हणायचं. "सूच्या? अहो, ते कोण करतं असा मला आयुष्यभर प्रश्न होता! मिळालात एकदाच्या. आता नीट सांगा, सुरुवात अ पासून करता का शेवटून?"

झालं. त्या दिवसापासून उशीताईंना रोज एक जाडजूड पुस्तक बगलेत मारून यावं लागलं. घरात जाड पुस्तक एकच होतं, नवऱ्याचं डोळ्यांच्या आजारांवरचं. त्याची सूची त्या खरोखरच करू लागल्या. "अंधत्व, तात्पुरतं" इथवर आल्यावर त्यांना वाटलं, पुस्तकानं आपल्याला ओळखलंय.

मग त्यांनी एकेक करून स्वतःच्या कल्पना अंगावर घेतल्या.

लांब टेबलावर लिफ्टवाले बसायचे. लिफ्टचे सुटे भाग फोनवरून विकणारा हा गृहस्थ बोलताना पाय हलवायचा. फळी अखंड होती. त्यामुळे लिफ्टवाल्यांचा गुडघा एका टोकाला हलला की दुसऱ्या टोकाला चहाच्या कपात तरंग उठायचे. 'अनोळखी माणसांना एक धागा जोडेल,' असं उशीताईंनी या टेबलाबद्दल कधीकाळी म्हटलं होतं. जोडलं होतं खरं. लिफ्टवाल्यांचा सौदा जमतोय की फिसकटतोय ते सगळ्यांना कपात दिसायचं.

फोनच्या खोक्यात शिरल्यावर पाच वाक्यांत घाम फुटायचा. काच बाहेरून सुंदर दिसावी म्हणून त्यांनी हवेची फट वगळली होती. आईशी बोलायला आत गेलेल्या उशीताई शिजल्यासारख्या लाल होऊन बाहेर आल्या. "अगं, धापा का टाकतेयस? जिना चढतेयस का?" आई विचारत होती. "नाही, एकांतात आहे," त्या म्हणाल्या.

गोल स्टुलांना पाठ नव्हती. कारण पाठ असली की ती स्टुलं राहत नाहीत, खुर्च्या होतात, असं त्यांनीच सुताराला ऐकवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांची स्वतःची पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांना सुताराचा चेहरा आठवला. त्यानं फक्त आपल्या कमरेवर हात ठेवला होता.

पण हे सगळं असूनही कुणी तक्रार करताना दिसेना. लिफ्टवाले हलत होते, काकू आकडे घालत होत्या, लोक खोक्यात शिजून बाहेर येत होते, आणि तरी तो 'पण' काही सापडत नव्हता. आणि मग शांत खोली.

त्या खोलीत काकू बसायच्या आणि एक मुलगी बसायची. ती चित्रपटांच्या खाली येणाऱ्या ओळी लिहायची, म्हणून तिला सगळे ओळीवाली म्हणायचे. दोघींच्या मध्ये टेबलावर एका पेल्यात पिवळी पेन्सिल उभी होती. उशीताई कोपऱ्यात जाऊन आपलं डोळ्यांचं पुस्तक उघडून बसल्या. छान शांतता. माणसं आपापल्या कामात बुडालेली. आपण केलं बाई हे, असं म्हणून त्यांनी हळूच पाठीमागची उशी थोपटली.

आणि दिवा विझला.

काळोखात कुणी हू की चू केलं नाही. काकूंनी मानही वर न करता एक हात उचलला आणि गाडी सुटताना हलवतात तसा हलवला. दिवा लागला. काकू आकडे घालत राहिल्या.

दिव्याला माणूस कळत नव्हता, हालचाल कळत होती. विचार करणारा माणूस हलत नाही. ज्या एका खोलीत लोकांनी स्थिर बसावं म्हणून उशीताईंनी रात्रीचा दिवस केला होता, तिथे स्थिर बसलं की अंधार व्हायचा. असा घोळ घालायला अक्कल खुंटीला टांगावी लागते, त्यांच्या मनात आलं.

पुन्हा दिवा गेला. या वेळी ओळीवालीनं हात हलवला. मग तिनं पेला उचलून उशीताईंपुढे ठेवला.

"हे काय?"

"पेन्सिल ज्याच्यापुढे, त्यानं हात हलवायचा," ती म्हणाली. "आमचं ठरलंय. खोलीत नवं माणूस आलं की त्याची पाळी. तीनदा हलवलात की पुढे द्या."

"मालकांना सांगितलं नाहीत?"

"कशाला?" काकू म्हणाल्या. "इतके दिवस एका भिंतीला टेकून काम करत होतो, पण ही पोरगी काय करते ते मला त्या दिव्यामुळे कळलं. अंधारात 'आता कुणाची पाळी' असं म्हणायला तरी तोंड उघडलं. ही बया आधी तोंडच उघडायची नाही."

"लिहिण्यात होते हो."

"तेच. लोकांच्या तोंडी वाक्यं घालायची आणि आपण गप्प."

उशीताईंनी हात हलवला. बाहेरून काचेतून बघणाऱ्याला वाटलं असतं, या खोलीत कुणीतरी सारखं कुणाचा तरी निरोप घेतंय. त्यांना हसू आलं. इतक्या गोष्टी विचार करून केल्या, त्या सगळ्या फसल्या. ही एकच चूक झाली, आणि लोक तिच्याभोवती बसले होते.

महिना सरत आला. आणि मग एका दुपारी पेन्सिल पुढे सरकवत ओळीवाली म्हणाली, "माझा हा शेवटचा आठवडा. मी घरूनच काम करणार आता."

"का गं?" काकूंच्या आधी उशीताईंनीच विचारलं. आवाज जरा जास्तच चढला.

"छान आहे हो इथे सगळं," मुलगी म्हणाली. "पण…" आणि खांदे उडवून ती पुन्हा ओळींकडे वळली.

तोच तो 'पण'. उशीताईंना वाटलं, हिच्या मानगुटीला धरून पुढचं वाक्य बाहेर काढावं. त्याच संध्याकाळी मालकांनी कळवलं, की टेबलवाला सोमवारी मापं घ्यायला येतोय. आणखी एक सदस्य जातोय म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी उशीताईंना यायला उशीर झाला. एका हातात डोळ्यांचं पुस्तक, खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. एसीची हवा थेट मानेवर यायची म्हणून अलीकडे आणायला लागलेला स्वेटर काखेत. त्यांनी बसायला जागा शोधली. जागा नव्हती. म्हणजे माणसं थोडीच होती, पण प्रत्येक माणसाशेजारच्या खुर्चीवर एक पिशवी बसली होती. एका आरामखुर्चीत लिफ्टवाल्यांचं हेल्मेट होतं. उशांच्या बाकावर तीन दप्तरं टेकून बसली होती, अगदी वाट बघत बसलेल्या पेशंटांसारखी. एका उशीच्या कुशीत कुणाचा तरी डबा होता. शांत खोलीतही काकूंचा तपकिरी स्वेटर पसरून खुर्चीवर बसला होता, त्याच्या बाह्या हातांवर टेकलेल्या.

ओझं ठेवायला म्हणून त्या भिंतीकडे वळल्या. भिंत गुळगुळीत. पुढे गेल्या, गुळगुळीत. त्या कोऱ्या, तीनदा घासलेल्या भिंतीच्या कडेकडेने उशीताई स्वेटर सावरत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, आंधळी कोशिंबीर खेळताना पहिल्यांदाच राज्य आलेल्या पोरीसारख्या, आणि त्यांच्या लक्षात आलं. अक्कल खुंटीला टांगायची म्हटली असती, तरी या आख्ख्या ऑफिसात खुंटी नव्हती.

पुस्तक खाली पडलं. वाकताना त्यांचा धक्का एका खुर्चीला लागला. "सॉरी," त्या म्हणाल्या.

"बघा," काकू शांत खोलीच्या दारातून म्हणाल्या. "खुर्चीला सॉरी म्हणाल्या. मी सांगत नव्हते?"

"पैज तुम्ही जिंकलात," लिफ्टवाले पाय न हलवता म्हणाले, म्हणजे प्रसंग गंभीर होता. "हे तुम्हीच केलंय ना, ताई?"

उशीताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच," काकू म्हणाल्या. "आत येताना दारापाशी थांबून ती पाटी वाचता. त्या पाटीशी थांबतं कोण? मला तर आधी वाटलं, वीजमीटरची सूचना आहे. आणि मग उठताना उशी थोपटायची, यांनी ओला पेला ठेवला की आपल्या बाहीनं टेबल पुसायचं. सूच्या करणारी बाई कशाला पुसेल?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्हाला एवढी मजा येत होती. आणि आमचंही करमत होतं."

सगळे हसले. उशीताईही हसल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दोन्ही हात आताही भरलेलेच होते. मग त्या ओळीवालीकडे वळल्या. "तो 'पण' सांग. मला वाटतंय मला कळलाय, पण तू सांग."

मुलगी जरा घुटमळली. "राग मानू नका. सकाळी सगळं घेऊन यायचं, संध्याकाळी सगळं उचलून न्यायचं. दिवसभर पिशवी पायात, नाहीतर मांडीवर. स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं. कधीही उठावं लागेल असं. इतके महिने येतेय, पण मी इथली आहे असं दाखवणारी इथे माझी एकही वस्तू नाही. एक दिवस आले नाही, तर कुणाला कळणारही नाही की कुणी आलं नाहीये."

"पेन्सिलीला कळेल," काकू पुटपुटल्या.

"एवढं एक आहे," मुलगी म्हणाली.

भिंतीबद्दल दोन वाक्यं उशीताईंच्या ओठांवर आली होती, नजरेचा विसावा वगैरे. ती त्यांनी गिळली. मालकांना त्या दिवशी आपलं वाक्य गिळताना कसं वाटलं असेल, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

घरी आल्या तेव्हा आई टीव्हीसमोर होती, नवरा चष्म्याची दांडी वाकवत होता. उशीताई सरळ आत गेल्या, दार लोटलं, पिशवी अडकवली आणि पाणी प्यायला वळल्या. वळता वळता थबकल्या. पिशवी दारामागच्या खिळ्यावर होती. आईच्या खिळ्यावर, ज्याच्याविरुद्ध त्या गेली कित्येक वर्षं लढत होत्या. त्यांनी बघितलंही नव्हतं. हात आपणहून तिथे गेला होता, त्याला वाट पाठ होती. खिळ्याखालच्या रंगावर पिशवीच्या तळाचा एक काळपट अर्धगोल उमटला होता, आणि तो एका दिवसाचा नव्हता.

"आई," त्या म्हणाल्या, "मी इथे पिशवी कधीपासून लावते?"

"तू उपटलास तो खिळा मी परत ठोकला त्या दिवसापासून," आई टीव्हीवरून नजर न हटवता म्हणाली. "मी काय बोलायची? म्हटलं, बोलले तर परत उपटशील."

"मी म्हणालो होतो," नवरा म्हणाला. "लांबचं उत्तम."

शनिवारी त्यांनी सुताराला फोन केला.

"खुंट्या?" सुतार म्हणाला. "उशा नाहीत?"

"खुंट्या. लाकडी, जाड. गोल डोक्याच्या. आणि आजच."

"ताई, बरं आहे ना सगळं?"

रविवारी ऑफिसला सुट्टी असते, पण काकू आल्या, लिफ्टवाले आले, ओळीवालीही "मी नुसती बघायला" म्हणत आली. उशीताईंनी भिंतीवर एका उंचीवर, सारख्या अंतरावर पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. फार सुरेख दिसणार होतं. काकूंनी पहिल्या खुणेशी जाऊन हात वर केला. हात पोचला, पण टाचा उचलाव्या लागल्या. लिफ्टवाल्यांना तीच खूण छातीशी आली. उशीताईंनी एक उसासा सोडला आणि खुणा पुसल्या. मग प्रत्येकाला दारातून आत यायला लावलं, रोजच्यासारखं, रोजच्या ओझ्यासकट, आणि ज्याचा हात जिथे आपणहून जाईल तिथे सुतारानं खुंटी बसवायची असं ठरलं.

भिंत भयंकर दिसायला लागली. एक खुंटी वर, दोन खाली, तिसरी भलतीकडेच. लिफ्टवाल्यांची अगदी कोपऱ्यात, कारण हेल्मेट काढता काढता ते तिथवर पोचायचे. काकूंनी आत पाऊल टाकताच उजवीकडे दारालगत हात केला. तिथे नेमकी पितळी पाटी होती. "इथेच," काकू म्हणाल्या, "पाटीच्या वर थोडी. आल्याआल्या स्वेटर टाकायचा, जाताना उचलायचा." सुतारानं उशीताईंकडे पाहिलं. उशीताईंनी मान डोलावली. दर वेळी ड्रिलचा आवाज सुरू झाला की मात्र त्या डोळे मिटून घ्यायच्या. रंगाऱ्याची तीन वेळची मेहनत भुगा होऊन खाली पडत होती.

ओळीवाली सगळ्यात शेवटी आत आली. ती पार खिडकीपर्यंत चालत गेली आणि तिथे हात वर करून थांबली. "नुसतं बघतेय," ती पुन्हा म्हणाली. तिथेही एक खुंटी बसली.

सोमवारी मालक टेबलवाल्याला घेऊन आले. दारातच थबकले. भिंतीवर वेड्यावाकड्या खुंट्या, त्यांवर पिशव्या, हेल्मेट, एक छत्री, कुणाची तरी कापडी टोपी. आणि समोर खुर्च्या रिकाम्या. कितीतरी रिकाम्या खुर्च्या. मालकांची नजर सवयीनं सीटांवरून फिरली आणि चमकली.

"एवढ्या जागा होत्या इथे?"

"होत्याच," उशीताई म्हणाल्या. "त्यांच्यावर पिशव्या बसल्या होत्या."

मालक भिंतीजवळ गेले, एक खुंटी हलवून पाहिली. "अहो ताई, माझ्या बसमध्येसुद्धा प्रत्येक सीटमागे एक हुक असायचा. तुम्ही एवढं उजेड-एकांत-विसावा सांगत होतात, मला वाटलं, ऑफिसात हुक चालत नसेल. म्हणून बोललो नाही."

उशीताईंनी शेजारच्या स्टुलावर बसकण मारली. स्टुलाला पाठ नव्हती, तेही त्यांना योग्यच वाटलं.

टेबलवाला टेप काढून उभा होता. त्याच वेळी शांत खोलीतला दिवा विझला, आणि काचेपलीकडे एक हात वर होऊन हलला. दिवा लागला.

"हे काय?" मालक म्हणाले.

काकूंनी बाहेर येऊन सगळं सांगितलं, पेन्सिलीसकट. "आणि तो दिवा दुरुस्त केलात तर मी जाईन," त्या म्हणाल्या.

मालकांनी उशीताईंकडे आदरानं पाहिलं. "हे तुम्ही मुद्दाम केलंत? लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून?"

"नाही हो," उशीताई म्हणाल्या. "ती माझी चूकच आहे. मला तेव्हा कळलंच नाही."

मालकांना तो विनय वाटला. त्यांनी टेबलवाल्याला टेप आवरायला सांगितलं, म्हणाले, एक महिना आणखी बघू. पाठ असलेल्या खुर्च्यांचं आणि खोक्यातल्या फटीचंही बोलणं झालं. ओळीवालीनं काही जाहीर केलं नाही. पण संध्याकाळी ती गेली तेव्हा खिडकीजवळच्या खुंटीवर तिची निळी ओढणी राहिली होती, आणि ती विसरलेली वाटत नव्हती. नीट दुमडून टांगली होती.

पाटी राहिली. फक्त तिच्यावर आता काकूंचा तपकिरी स्वेटर लोंबतो. त्याची एक बाही धुऊन धुऊन लांबलेली आहे आणि ती बरोबर नावावर येते. उशीताई कधीमधी ऑफिसात डोकावतात, खोक्यातली फट बघायला म्हणून. आत जाताना दारापाशी थांबतात, इकडेतिकडे बघतात, आणि एका बोटानं ती बाही जरा बाजूला करतात. नाव वाचतात. शुद्धलेखन अजून बरोबर आहे ना ते बघतात. मग बाही पुन्हा होती तशी नीट सोडतात, आणि सवयीनं तिला एकदा थोपटतात.